ऋण सदुसष्ट

फेब्रुवारीत गोदाम रिकामं असताना
कुणीतरी येऊन मोजून गेलं होतं.
नकाशा सगळा हिरवागार,
चार अ‍ॅक्सेस पॉइंट, सही, शिक्का.

आता ऑक्टोबर.
गेल्या सालची द्राक्षं बाटल्यांत शिरून
छताला टेकेपर्यंत रचली गेलीत,
आणि सातव्या रांगेपुढे स्कॅनर मुके.

भिंती जाड आहेत, मालक तेंगिझ म्हणतो,
जुन्या राजवटीतलं काँक्रीट.
भिंती नाहीत हो. पाणी.
वाइन म्हणजे शेवटी पाणीच
(हे मी हळू म्हणाले;
काखेतीत असं बोलून जेवण मिळत नाही).
लहर बाटलीत शिरते ती बाहेर येतच नाही.
पहिल्या बाटलीतून थोडी येते,
पेटीतून त्याहून कमी,
चाळीस पेट्यांच्या पलीकडे कोण उभं आहे
हे तिला आठवत नाही.

म्हणून मी कुताइसीहून आले, पुन्हा मोजायला.
उंच तिवईच्या टोकाला एक अ‍ॅक्सेस पॉइंट बांधलेला,
खांद्याला बॅटरी, हातात टॅब.
दोन पावलं, थांब, टिंब.
दोन पावलं, थांब, टिंब.
दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागतात.

इथे सगळे आकडे ऋणातच असतात.
ऋण चाळीस म्हणजे सुखवस्तू घर.
ऋण सदुसष्टपर्यंत संसार चालतो.
ऋण ऐंशीला एक हाका मारत राहतो
आणि दुसरा म्हणतो, काय? काय?
शून्य मी अजून पाहिलेलं नाही.

गोदाम सांभाळतो गिवी.
एकतीस वर्षं बाटल्या भरायच्या यंत्राशेजारी काढली त्यानं,
आवाज असा की बाराव्या रांगेतली धूळ उठते.
"नातेला! तेवीस पेट्या!"
फोर्कलिफ्टवरून नातेला काहीतरी म्हणते.
"तेवीस!"
ती पुन्हा म्हणते.
मी मध्ये उभी, म्हणून मला ऐकू येतं:
एकोणीसच उरल्यात, एकोणीस.

तेंगिझ म्हणतो, चारच राहू देत ना,
पॉवर वाढव, जोर लाव.
आता याला कसं सांगावं,
की छतावरचा डबा कितीही ओरडला
तरी हातातल्या स्कॅनरचा जीव तेवढाच.
त्याला सगळं ऐकू येईल,
त्याचं उत्तर कुणापर्यंत पोचणार नाही.
सोपं उदाहरण समोरच होतं,
पण उदाहरण शेजारी उभं असताना
बोट दाखवायचं कसं?

गिवी माझ्या ओठांकडे बघत होता.
"म्हणजे मी," तो म्हणाला,
आणि एवढं हसला की दाताची चांदी दिसली.
"मग माझं टेबल दारातून उचल,
मध्ये आणून ठेव. मी कमी ओरडेन."

तेच लिहिलं मी अहवालात, जरा सभ्य भाषेत:
चाराऐवजी नऊ, आवाज निम्म्याहून खाली,
पट्ट्यांच्या मधोमध, बाटल्यांच्या डोक्यावरून नव्हे.
शेजाऱ्यांचे चॅनल वेगळे,
दोघे एकाच वेळी बोलले तर
दोघांचंही वाया जातं.
आणि मोजणी नेहमी भरल्या घरात करावी.

केबलचा खर्च ऐकून तेंगिझ सहावर आला,
मग सातवर, मग चहा मागवला.
टाकीमागचा कोपरा अजून ऋण एक्क्याऐंशी आहे.
त्याला आठवा लागेल. तो पुढच्या वर्षी, म्हणतात.

निघताना तिवई मिटत होते.
नातेलानं फोर्कलिफ्ट बंद केली,
खाली उतरली, हातमोजे काढले,
सगळी रांग चालत त्याच्या उजव्या कानापाशी गेली.
एकोणीस, ती म्हणाली, नेहमीच्या आवाजात.
बरं, गिवी म्हणाला,
मग एकोणीस.